चायनीज क्रेस्टेड: पाठीवर काळे ठिपके, सनस्क्रीन आणि पावसाळा

बाणेरची_मनी

चायनीज क्रेस्टेड, बिनकेसांचा प्रकार. मादी, वय १४ महिने, वजन ४.८ किलो. त्वचा गुलाबी, त्यावर राखाडी डाग. पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. फिरणं सकाळी साडेसात आणि संध्याकाळी सहा, दुपारी बाल्कनीत ऊन खात पडते.

पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी काळे ठिपके आलेत, मधूनमधून लाल पुटकुळ्या. खाजवत नाही. आंघोळ महिन्यातून एकदा, बाळांच्या साबणाने. "अंगावर केस नाहीत, त्वचा कोरडी पडेल" म्हणून घरात आठवड्यातून तीनदा खोबरेल तेलाची मालिश चालू आहे. हे चालू ठेवावं का? आणि उन्हासाठी बाळांचं झिंकवालं सनस्क्रीन लावलं तर चालेल का? पावसाळ्यात आणि थंडीत काय वेगळं करावं तेही सांगा.

त्वचापुराण

तेल आजच बंद करा. ठिपक्यांचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

या कुत्र्यांच्या अंगावर केस नसतात, केसांची मुळं मात्र असतात. ती अर्धवट घडलेली असतात. चायनीज क्रेस्टेड, मेक्सिकोचा शोलो आणि पेरूचा बिनकेसांचा कुत्रा, तिघांतही एकच जनुकीय बदल आहे, एफओएक्सआय-३ या जनुकातला. तो २००८ साली सापडला. या अर्धवट मुळांतून केस बाहेर येत नाही, पण मेलेल्या पेशी आणि तेलकट स्राव साचत राहतो, त्याचं बूच बसतं. तेच काळे ठिपके. वरून खोबरेल चोपडलं की बूच आणखी घट्ट बसतं. शिवाय कुत्रं ते चाटतं आणि पोट बिघडतं ते वेगळंच.

महिन्यातून एकदा आंघोळ या जातीला फारच कमी. दर ७ ते १० दिवसांनी घाला, अशी:

पाणी कोमट, मनगटावर गरम लागता कामा नये. आधी कुत्र्यांच्या साध्या सौम्य शाम्पूने धुळीचा थर काढा. मग २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड असलेला कुत्र्यांचा शाम्पू फक्त ठिपक्यांच्या भागावर लावा आणि घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. इथेच बहुतेक जण चुकतात: लावलं, फेस केला, धुतलं. दोन मिनिटांत औषध मुळापर्यंत पोचत नाही. मऊ सुती फडक्याने गोल गोल, हलक्या हाताने फिरवा. वज्री, लूफा, खरखरीत पंचा नको. भरपूर पाण्याने धुवा, कारण राहिलेल्या शाम्पूनेच खाज सुटते. अंग टिपून घ्या, घासून पुसू नका. टॉवेल पांढरा घ्या, बेंझॉइल पेरॉक्साइड रंगीत कापडाचा रंग उडवतं.

अंग किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइडचं बिनवासाचं लोशन लावा. या आकाराच्या कुत्रीला चहाचा अर्धा चमचा पुरे. पाच मिनिटांनी हात फिरवल्यावर चिकट लागलं तर जास्त झालं. लोशनमध्ये लॅनोलिन नसावं, अनेक क्रेस्टेडना त्याचं वावडं असतं. टी ट्री ऑइल अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी आहे.

चार आठवडे हा शाम्पू आठवड्यातून एकदा, ठिपके कमी झाले की पंधरवड्यातून एकदा. माणसांची ५ किंवा १० टक्क्यांची मुरुमांची क्रीम वापरू नका, त्वचा भाजल्यासारखी होते.

ठिपके पिळू नका. बूच बाहेर यायच्या ऐवजी आत फुटतं, शरीर त्याला काट्यासारखं परकं समजतं आणि तिथे खोल गळू होतं.

शेंडी_आणि_मोजे

खोबरेलाबद्दल इतकं टोकाचं नको वाटतं. पंजांच्या तळव्यांना एखादा थेंब चालतो. तिथे बुजायला ती मुळंच नाहीत.

त्वचापुराण

तळव्यांचं मान्य. पाठीला नाही.

एक राहिलं. लाल पुटकुळ्यांत पू दिसला, कडेला गोल पापुद्रा सुटला किंवा खाज सुरू झाली, तर त्याला मुरूम समजून घरी बसू नका. जंतुसंसर्ग असेल तर क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू लागतो, आणि डेमोडेक्स नावाची सूक्ष्म कीडही अगदी अशीच दिसते. व्हेटकडे त्वचा खरवडून स्लाइड बघून घ्या, तिथल्या तिथे होणारी तपासणी आहे. तोवर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारं "खाजेचं मलम" लावू नका. त्यात बहुधा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. त्याने लाली चार दिवस दबते, त्वचा पातळ होते, आणि डेमोडेक्स असेल तर तो फोफावतो.

सावलीवाला

सनस्क्रीनचं सांगतो. झिंक नको. बाळांसाठी ते सौम्य, कारण बाळ पाठ चाटत नाही. कुत्र्याच्या पोटात झिंक ऑक्साइड वारंवार गेलं की उलट्या होतात, पुढे तांबड्या पेशी फुटतात. हिरड्या फिक्या पडणं आणि लघवी गडद होणं ही लक्षणं दिसली तर थेट दवाखाना. घामोळ्यांसाठी आपण लावतो त्या कॅलामाइनमध्येही झिंकच असतं, आणि लंगोटाच्या पुरळाच्या क्रीममध्येही. डब्यावर ऑक्टिसॅलेट, होमोसॅलेट ही नावं दिसली तरी परत ठेवा, ती सॅलिसिलेटं आहेत, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातकुळीतली, चाटून पोटात गेलेली बरी नाहीत. कुत्र्यांसाठी बनवलेलं, एसपीएफ ३० किंवा वरचं, बिनवासाचं घ्या, आणि त्यावरचा घटकांचा मजकूरही वाचाच.

मात्र खरं संरक्षण कापडाचं. हिशोब करा: ४.८ किलोच्या कुत्रीच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण ०.२९ चौरस मीटर. डब्यावरचा एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमचा थर धरून. म्हणजे पूर्ण अंगाला एका वेळी पावणेसहा ग्रॅम, दर दोन तासांनी. इतकं कोणी लावत नाही. शिवाय त्या थराने मुळं बुजणारच. सुती अंगरखा घातला की कान, नाकाचा वरचा भाग आणि शेपटीचं बूड एवढंच उरतं, तिथे एक ग्रॅम पुरतं. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावा आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

कापड घट्ट विणीचं हवं. बल्बसमोर धरून बघा, उजेड आरपार आला तर ऊनही येणार. भिजलं तर बदला, ओल्या सुती कापडातून ऊन जास्त शिरतं.

दुपारी बाल्कनीत पडणं बंद करा. गुलाबी कातडीला सगळ्यात जास्त धोका तोच आहे. पांढऱ्या टाइल्सवरून ऊन परतून पोटाला लागतं आणि पोट कोणी झाकत नाही. वर्षानुवर्षं असं झालं की कातडी जाड, खरखरीत होते आणि पुढे त्याच जागी कर्करोग होऊ शकतो. खवले धरलेला, न भरणारा डाग दिसला तर बायोप्सी. एप्रिल-मेमध्ये सकाळचं फिरणं सव्वासहाला आणा, आणि संध्याकाळी हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर तिलाही सोसवणार नाही. "या जातीला अंगभर घाम येतो, त्यामुळे उन्हाचा त्रास होत नाही" हे वाचाल तर सोडून द्या. त्याही धापा टाकूनच गार होतात.

शेंडी_आणि_मोजे

पावसाळा: दमट हवेत लोशन जवळजवळ बंदच, कोरडा पापुद्रा दिसला तरच. या दिवसांत त्रास देतं ते यीस्ट, म्हणजे त्वचेवरची बुरशी. बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानांत आंबूस वास, तपकिरी चिकटा. फिरून आलं की पाय साध्या पाण्याने धुवायचे, बेचके टिपायचे, ड्रायर गार हवेवर ठेवून वाळवायचे. पायांवरचे केस वाळायला वेळ लागतो, तिथेच ओल राहते. वास आलाच तर मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडीन, दोन्ही २ टक्के असलेला शाम्पू, पुन्हा दहा मिनिटं. पाण्यात घरातलं अँटिसेप्टिक टाकायची सवय असेल तर सोडा. रेनकोट घरात शिरताच काढा, आत वाफ धरते.

अंगावरचे तुरळक केस काढायला माणसांची हेअर रिमूव्हर क्रीम वापरू नका. ट्रिमर बरा.

टोरांटोकर_शोलोवाला

थंडीचं बोलतो. इथल्या मानाने पुण्याचा डिसेंबर किरकोळ, पण १५ अंशांखाली एक कपडा आणि १० खाली दोन, हे तिथेही धरा. अंगाला लागून सुती, वर फ्लीस. लोकर थेट कातडीवर नको, टोचते. आतला कपडा रोज बदला, नाहीतर काखेत पुरळ येतं.

हिवाळ्यात भाजण्याचे प्रकारही होतात. केसांचा थर नसल्याने गरम पाण्याची पिशवी किंवा हीटिंग पॅड थेट कातडीला लागतो, कुत्रं ऊब सोडत नाही आणि कातडी हळूहळू भाजते. पिशवीभोवती दोन पदरी टॉवेल, रूम हीटर किमान एक मीटर लांब.

परदेशातल्या मंडळींसाठी: हीटिंगने घरातली हवा कोरडी पडते. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, लोशन दिवसाआड. उणे तापमानात कान झाकणारा गळपट्टा लागतोच. कानाचं टोक पांढरट, गार पडलं तर चोळू नका, कोमट पाण्याचं फडकं ठेवा आणि व्हेटला फोन करा. रस्त्यावरचं मीठ पायांवरून लगेच धुवा.

बाणेरची_मनी

तेल आणि बाल्कनी दोन्ही बंद. गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब चालू आहेत, नव्या शाम्पूबरोबर चालतील का?

त्वचापुराण

चालतील, पण कमी टिकतील. ते थेंब त्वचेवरच्या तेलातून अंगभर पसरतात आणि हा शाम्पू नेमकं तेच तेल काढतो. थेंबांच्या आधी आणि नंतर ४८ तास आंघोळ नको. दर आठवड्याला शाम्पू चालणार असेल तर व्हेटला तोंडातून द्यायच्या गोळीबद्दल विचारा. कधी फिट आली असेल तर तेही आधी सांगा, त्या गोळ्यांच्या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना फिट येऊ शकते. दवाखान्यात जाताच आहात तर दातही दाखवा. या जनुकामुळे दाढा कमी असतात, उरलेल्या लवकर हलतात. कडक हाडं देत असाल तर थांबवा.