मदत हवी आहे: रविवारी फोर्टात खाऊ-वॉक, गाईडसकट. आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय

ठाणेकरीण (शुक्रवार, सकाळी १०.४०)
अकोल्याहून पाहुणे येतायत. परवा रविवारी त्यांना मुंबई दाखवायची आणि खायलाही घालायचं. ती चालत फिरवणारी टूर असते ना, गाईड बरोबर असतो, सहा-सात ठिकाणी थोडं थोडं खायला देतात आणि मध्ये मध्ये इमारती दाखवतात, तशी हवी आहे. एकांकडे विचारलं. फोर्टात सकाळी, तीन तास, डोई अडीच हजार. आज संध्याकाळी सातपर्यंत पैसे भरा म्हणतात. भरू का? कुणी केली आहे का अशी टूर? गेटवे, चौपाटी सांगू नका, ते सगळं मागच्या वेळी झालंय. प्लीज लवकर.

गिरगावचा_पोपट (१०.५२)
किती माणसं? वयं काय? सामिष की निरामिष? गाईड कोणत्या भाषेत बोलणार? एवढं सांगा, मग बोलू.

कटिंग_मारके (१०.५५)
डोई अडीच हजार??? अहो, व्हीटीसमोर आरामचा वडापाव, पंचमकडे पुरीभाजी, पुढे कुठेतरी चहा. पाच माणसांचं पोटभर होऊन टॅक्सीलाही पैसे उरतील. इमारतींना तिकीट नाही, बाहेरून बघायच्या. गाईड कशाला? मोबाईलवर सगळं असतं.

ठाणेकरीण (११.०४)
पाच जण. माझे मामेसासरे, मामेसासूबाई, त्यांची मुलगी-जावई आणि नात. निरामिष, अर्थातच. अकोल्याचे आहेत असं लिहिलंय की वर.

वऱ्हाडी_ठेचा (११.०९)
अकोल्याचे म्हणजे अर्थातच निरामिष? हे कुठून आलं? आमच्या अकोल्याच्या घरी रविवारी मटणाशिवाय चूल पेटत नाही.

चहाटळ (११.१३)
रविवार मोकळा आहे तर सरळ घारापुरीला न्या. लेणी बघून डोळे निवतात. जाताना डबा न्या, वर माकडं आहेत एवढं सांभाळा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवारच बरा.

ठाणेकरीण (११.१५)
@चहाटळ, मी लेण्यांचं विचारलंय का?

बझारगेट_बाबू (११.३१)
माझी नोकरीच फोर्टात आहे, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. फोर्टातलं खाणं ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालतं. रविवारी ऑफिसं बंद, मग खाऊगल्ल्यांमधल्या निम्म्या गाड्या लागतच नाहीत. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया रविवारी बंद. बझारगेटमधली दुपारच्या जेवणाची छोटी हॉटेलं बंद. म्हणजे तुमचा टूरवाला रविवारी सहा-सात ठिकाणी खायला घालणार असेल तर ती ठिकाणं कोणती, हे नावानिशी लिहून मागा. मग पैशांचं बघा.

बघण्यासाठी मात्र रविवारची सकाळ सोन्यासारखी. हॉर्निमन सर्कलला एरवी रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, रविवारी मधोमध उभं राहून टाऊन हॉल निवांत बघता येतो. १८३३ ची इमारत, समोर ती उंच पायऱ्यांची रांग. शेजारी सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं. जुन्या तटाला तिकडे यायला जो दरवाजा होता तो चर्चगेट. पाहुणे हमखास विचारतात, ‘फोर्ट म्हणता, मग किल्ला कुठाय?’ १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडून टाकला, त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यात ही सगळी गॉथिक मंडळी उभी राहिली. हे गाईडने सांगितलं तर मजा येते, नाहीतर नुसते काळे दगड.

गिरगावचा_पोपट (११.४०)
बाबूशी सहमत. आणि फोर्टच का? खायचं तर गिरगावात या. ठाकुरद्वारला विनयची मिसळ खा, खोताची वाडी बघा, लाकडी जिने, छोटे व्हरांडे, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची घरं. आता मेट्रोचं गिरगाव स्टेशनही झालंय. आमच्याकडचा अनंताश्रम होता तेव्हा मासे खाणाऱ्यांची चंगळ होती, तो बंद पडला आणि अर्धी वाडीच ओकीबोकी झाली.

कटिंग_मारके (११.४४)
निरामिष पाहुण्यांना बंद पडलेल्या खानावळीतल्या माशांच्या आठवणी. वा पोपटराव.

अक्षरशत्रू (११.५८)
भाषेचं उत्तर अजून आलेलं नाही. या टूर बहुतेक इंग्रजीत असतात. आमच्या बाबांना नेलं होतं, गाईड पोरगी गुणी होती पण सगळं इंग्रजीत. बाबा तीन तास मान डोलावत होते आणि घरी येऊन म्हणाले, ‘तिला एवढं हसू कशाचं येत होतं?’

ठाणेकरीण (१२.१०)
मराठीत हवा गाईड, अजून कशात? मामा शाळेचे हेडमास्तर होते, इतिहासच शिकवायचे. टूरवाल्याला विचारलं, हिंदी जमेल म्हणाला.

मराठी_बाणा_४२ (१२.१४)
हुतात्मा चौकात उभं राहून मराठी माणसाला हिंदीत टूर! संयुक्त महाराष्ट्रासाठी जिथे माणसं गोळ्या खाऊन पडली तिथेच! असल्या लोकांना एक पैसा देऊ नका.

बझारगेट_बाबू (१२.२०)
बाणा, भावना पोचली. पण मराठीत नेणारे गाईड आहेत, आधी सांगावं लागतं आणि बहुतेक वेळा अख्खा ग्रुप आपलाच लागतो. पाच जण असाल तर खासगी वॉक मागा. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेले गाईडही मिळतात, त्यांना मराठीत बोला म्हणून हक्काने सांगता येतं. शनिवारी-रविवारी महापालिका मुख्यालय आतून दाखवतात, व्हीटीसमोरची १८९३ ची इमारत. व्हीटी आणि ही, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. ती वॉक २०२१ मध्ये सुरू झाली. या रविवारच्या जागा आहेत का ते आजच बघा. त्यात खाणं नाही.

सांजवारा (१२.३३)
कुणी नीलांबरी सांगितली नाही अजून! ती वरून उघडी डबलडेकर, गार वारा खात अख्खी दक्षिण मुंबई. चालायचा प्रश्नच नाही.

बझारगेट_बाबू (१२.३६)
बंद झाली हो ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये.

सांजवारा (१२.३७)
अरेरे. :(

पोटोबा_महाराज (१२.५०)
खाऊ-वॉकबद्दल माझं मत. चांगला गाईड सनावळ्या सांगतो म्हणून चांगला नसतो. त्याची दुकानदाराशी ओळख असते. तो पोचायच्या आत प्लेट अर्धी-अर्धी करून तयार असते, भट्टीपाशी जाऊन पाव कसा निघतो ते बघू देतात. एकट्याने गेलात तर पहिल्याच ठिकाणी पूर्ण प्लेट खाऊन पोट भरतं, पुढची ठिकाणं नुसती बघायची. कटिंग म्हणतो तसं तीनदा खाऊन तीन तास चालून दाखवा. मला विचाराल तर दादर करा. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी वडापावची गाडी लावली, वडापाव तिथला.

कटिंग_मारके (१२.५३)
वडा त्याआधी मुंबईत नव्हता काय? बटाटावडा आमची आजीही करायची.

पोटोबा_महाराज (१२.५५)
बटाटावडा आजीचा. पावात घालून गाडीवर विकला तो वैद्यांनी. आजीने गाडी लावली होती का?

गिरगावचा_पोपट (१३.०२)
आता संध्याकाळपर्यंत हेच.

मधली_सुट्टी (१३.२०)
ताई, मामा-मामींची वयं सांगितली नाहीत. श्रावण आहे, म्हणजे पाऊसही. फोर्टातले फुटपाथ ओले झाले की गुळगुळीत. मध्ये बसायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे, हे टूरवाल्याला विचारलंत का? आईबरोबर गेले होते तेव्हा तिचं अर्धं लक्ष त्यातच होतं.

ठाणेकरीण (१३.४१)
मामा ७४, मामी ७०. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात, पण चालतात. आणि श्रावण आहे म्हणजे मामींचा चातुर्मास आलाच, कांदा-लसूण नाही. अजून किती प्रश्न? सातपर्यंत वेळ आहे फक्त!

कटिंग_मारके (१३.४५)
सोपं आहे. मुंबईत कुठेही ‘जैन’ म्हणा. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन शेवपुरी.

मधली_सुट्टी (१३.४८)
जैन म्हणालात की बटाटाही जातो, कच्चं केळं येतं. मामींना बटाटा चालतो. ‘कांदा-लसूण नको, बटाटा चालेल’ असं अख्खं वाक्य बोला. आणि वडापावची लाल चटणी लसणाचीच असते, मागूच नका.

पोटोबा_महाराज (१३.५६)
यावरून आठवलं, राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, आईचं नाव दिलं, १८७८ मध्ये पुरा झाला. आई अंध होत्या आणि जैन, सूर्यास्ताआधी जेवण, म्हणून घंटेचे ठोके ऐकून त्यांना वेळ कळे, अशी गोष्ट सांगतात. मामींना ही गोष्ट आवडेल बघा. ओव्हल मैदानात उभे राहा, एका बाजूला टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही रांगा मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पाऊस नसेल तर मैदानात क्रिकेट चालू असतंच, मामांना बसायला बरं.

ठाणेकरीण (१४.३०)
हे छान आहे. बरं, टूरवाल्याने यादी पाठवली. इराणी चहा आणि बनमस्का, वडापाव, साबुदाणा वडा, भेळ, मिसळ, शेवटी पियुष. मी त्याला सांगितलं की नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तर म्हणतो ‘वरचे दाणे काढून देऊ’.

आई_ऑन_ड्यूटी (१४.३४)
थांबा थांबा. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि हे आता दुपारी अडीच वाजता??

ठाणेकरीण (१४.३६)
तिचं तिची आई बघते, मला वाटलं त्यात विचारण्यासारखं काय. नऊ वर्षांची आहे. एकदा ॲडमिट करावं लागलं होतं.

आई_ऑन_ड्यूटी (१४.५५)
माझ्या मुलाला आहे, म्हणून कळकळीने लिहितेय. ही टूर घेऊ नका. ‘वरचे दाणे काढून देऊ’ म्हणणाऱ्याला ॲलर्जी म्हणजे काय ते कळलेलंच नाही. आपल्याकडे दाण्याचं कूट मिठासारखं पडतं, विचारल्याशिवाय दिसत नाही. साबुदाणा वड्यात कूट असतंच. भेळेत दाणे. मिसळीच्या फरसाणात दाणे. वडापावच्या सुक्या चटणीतही बऱ्याच ठिकाणी घालतात. त्यांच्या सहापैकी चार पदार्थ इथेच गेले. वर, एकाच कढईत साबुदाणा वडा आणि बटाटावडा तळला की बटाटावडाही गेला. तेल कुठलं तेही विचारायचं, घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर अजिबात नको.

आम्ही बाहेर काय खातो: इडली किंवा साधा डोसा, चटणी बाजूला ठेवून, कारण नारळाच्या चटणीतही कधी कधी दाणे वाटतात. पॅकबंद बिस्किटं, वेष्टन वाचून. घरचा डबा नेहमी बरोबर. डॉक्टरांनी दिलेलं औषध आईच्या पर्समध्ये असायला हवं, अकोल्याच्या बॅगेत नाही. गाईडपेक्षा गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, त्याहून चांगलं म्हणजे आत रांधणाऱ्याला. आणि नुसतं ‘आवडत नाही’ म्हणू नका, ‘खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागतं’ म्हणा. मग लोक नीट सांगतात.

कटिंग_मारके (१५.०१)
हल्लीच्या मुलांनाच या ॲलर्ज्या. आम्ही चिखल-मातीत लोळून मोठे झालो.

आई_ऑन_ड्यूटी (१५.०३)
@कटिंग, या विषयावर नको. खरंच नको.

बझारगेट_बाबू (१५.१५)
मग दोन्ही गोष्टी वेगळ्या करा की. बघणं फोर्टात, मराठी गाईड घेऊन, खाण्याशिवाय. दोन तास पुरेत, काठीवाल्या माणसाला तेवढेच झेपतात. टाऊन हॉलच्या पायऱ्या खालूनच बघा. मग हुतात्मा चौकातून मेट्रो ३ पकडा, थेट दादर. तिथे एका जागी बसून खा. मामींना कांदा-लसणाशिवायचं मागता येईल, नातीचं रांधणाऱ्याला विचारून. मेट्रो स्टेशनात लिफ्ट आहे.

पोटोबा_महाराज (१५.१९)
दादरला उतरून मराठी पदार्थ म्हणजे पुन्हा कूटच. टॅक्सीने माटुंगा करा, उडुपी. इडली, डोसा, फिल्टर कॉफी. रविवारी रांग असते, मामांसाठी आधी कुणाला तरी नंबर लावायला पाठवा, जावयांना वगैरे. नंतर फुलबाजारात चक्कर, श्रावणात मामी खूश होतील.

गिरगावचा_पोपट (१५.२४)
म्हणजे गिरगाव कटाप. ठीक आहे.

ठाणेकरीण (१७.४८)
टूरवाल्याला फोन केला. साबुदाणा वडा कोणत्या कढईत तळतात विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, आजवर कुणाला काही झालं नाही.’ पैसे भरले नाहीत. एक मराठी गाईड मिळाला, फक्त इमारतींसाठी, पाच जणांचे मिळून तीन हजार. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, मामांना सलग किती चालवतं. महापालिकेची वॉक या रविवारी भरलीये. नंतर माटुंगा. नातीचा डबा तिची आई घरूनच करून देणार आहे, मी विचारलं आत्ताच.

मधली_सुट्टी (१७.५५)
झकास. छत्र्या न्या. आणि रविवार आहे, निघण्याआधी मेगाब्लॉक बघा.

ठाणेकरीण (१७.५७)
ठाण्यात राहते हो मी, मेगाब्लॉक मला सांगता?

चहाटळ (२१.१०)
घारापुरीचं काय ठरलं मग?