स्पर्धेच्या शीटवर शाश्वतता दाखवायची कशी?

प्रश्न : कोल्हापुरातलं वाचनालय, वास्तुरचनेच्या खुल्या स्पर्धेसाठी. पश्चिमेच्या काचेवर ६०० मिमीचा छज्जा दिलाय. पुरेल का?

रंकाळाकाठ : नाही पुरणार. चारनंतर ऊन तिरपं होऊन छज्ज्याखालून थेट टेबलावर येतं. तिथं उभ्या पट्ट्या किंवा जाळीच हवी. दक्षिणेला मात्र छज्जा चालतो : डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य साधारण ५० अंशांवर, म्हणजे ६०० मिमीच्या छज्ज्याची सावली सुमारे ७१५ मिमी खाली उतरते. जूनमध्ये सूर्य उत्तरेला सरकतो, ती उत्तरेची भिंत विसरू नका.

जांभा_दगड : पाण्याचा हिशेब मांडाच. १०० चौमी छप्पर, १००० मिमी पाऊस, ०.८ गुणांक (पडलेल्या पावसातला प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) : ८०,००० लिटर. हिरवी झाडं रंगवण्यापेक्षा हा आकडा १:५० च्या छेदावर (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रावर) टाकीशेजारी लिहा.

रंकाळाकाठ : आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं नाव काढा. निनावी स्पर्धेत तेवढ्यावरूनही प्रवेशिका बाद होऊ शकते.