मदत हवी आहे: घरातल्या मारहाणीसाठीचे हेल्पलाइन नंबर गावातल्या बायकांपर्यंत पोचवायचे कसे?

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं, ऊस आणि कांद्याचं आमचं गाव. मी 'उमेद'च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटांची सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती आहे, त्यामुळे मळ्यामळ्यांतून, वाड्यावस्त्यांवर रोजचं जाणं-येणं असतं. इथे पोलीस, आरोग्य, कायदा या क्षेत्रांतली बरीच मंडळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चोर आणि बिबट्या या दोन गोष्टींसाठी आमचं गाव पटकन जागं होतं. आमच्याकडे ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे. टोल फ्री नंबरवर फोन करून काय घडलंय ते सांगायचं, की नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाईलवर एकदम रिंग वाजते आणि सांगणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. साधा बटणांचा फोन असला तरी चालतं. उसाच्या कडेला बिबट्या दिसला, गोठ्यापाशी अनोळखी माणसं फिरताना दिसली, की थोड्याच वेळात माणसं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन बाहेर पडतात. वनविभागाचा 1926 पोरांना तोंडपाठ आहे. हे उत्तम चाललंय, याचं श्रेय गावाला द्यायलाच हवं.

अडचण आहे ती घराच्या आतल्या धोक्याची. त्यासाठी असं एकही माणूस बाहेर पडत नाही.

ग्रामपंचायतीने नंबरांचा बोर्ड लावलाय. 112, 108, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, वृद्धांसाठी 14567, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416, सगळे आहेत. पण बोर्ड पंचायतीच्या ओसरीत, जिथे दिवसभर पुरुष माणसं बसलेली असतात. एखादी बाई तिथे उभी राहून नंबर वाचायला लागली, की संध्याकाळपर्यंत तिच्या घरी निरोप पोचलेला असतो.

मध्ये एका मळ्यातली बाई गटाची बैठक संपल्यावर मागे थांबली. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) दंडावरचा वळ पदराखाली झाकत म्हणाली, तो नंबर पासबुकात लिहून द्या. मी पेन काढलं तर लगेच म्हणाली, "नको ताई, पासबुक तेच बघतात." घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. हाताला लागला आणि लावला, तरी लावलेल्या नंबरांच्या यादीत दिसणार. शेवटी तिने नंबर पाठ केला. एक-आठ-एक. तीनच आकडे, तरी जाताना पुन्हा म्हणून दाखवले.

"पोलीस पाटलांकडे जा" असं सांगणं सोपं आहे. आमचे पोलीस पाटील माणूस म्हणून चांगले आहेत, पण निम्मं गाव एका भावकीचं. तक्रार करायची तर ती नवऱ्याच्या चुलत्याकडेच. तंटामुक्त समितीकडे विषय गेला, तर दोघांना समोर बसवून समजूत घालतात आणि बाईला परत धाडतात. तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली तेव्हापासून बांधाचे, पाटाच्या पाण्याचे किती वाद कोर्टाची पायरी न चढता मिटले, ते मी बघितलंय. पण बाईने मार खाणं हा दोन बाजूंचा तंटा नव्हे, तिथे तडजोड कसली करायची?

दुसरी काळजी उसाच्या फडाजवळच्या कोप्यांची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची. दिवाळीनंतर टोळ्या येतात, पहाटेच्या अंधारात कोयते घेऊन फडात जातात, लहान पोरं कोपीत एकटी. त्यांचे नंबर ना ग्रामसुरक्षा यंत्रणेत, ना गावाच्या ग्रुपवर. मुकादमाचा नंबर असतो, पण मुकादमच तालुक्याला गेलेला असला तर?

आमच्या डोक्यात आलेलं असं: लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बायका एकट्या येतात, तिथे कुणी पाळत ठेवत नाही, तेव्हा बोलायचं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नंबर छापलेलं काहीतरी वाण द्यायचं. पण काय द्यायचं? घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील आणि तरी कुणाला खटकणार नाही असं काही सुचतंय का? फोन नसलेल्या बाईने मदत मागायची कशी? ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या 10 टक्के रकमेतून हा खर्च कुठल्या गावाने टाकलाय का, आणि ठराव कसा लिहिला? तुमच्या गावात खरंच काय चाललं ते सांगा, प्लीज.

---

प्रतिसाद (वकील, सातारा जिल्हा)

ताई, पहिली गोष्ट म्हणजे फोन त्या बाईनेच करायला हवा असं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे असं काही घडतंय हे माहीत असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे तुमच्या गटातल्या बायकांना आधी सांगा, कारण "आपल्यावर केस होईल" या धास्तीने शेजारीण गप्प बसते. मात्र जीव धोक्यात नसेल तर त्या बाईला विचारूनच कळवा, नाहीतर घरी गेल्यावर तिलाच जास्त सोसावं लागतं. तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. बायकांसाठी उत्पन्नाची अट नाही.

---

प्रतिसाद (आशा कार्यकर्ती, नाशिक जिल्हा)

आम्ही एकच कार्ड केलं. वर गॅसवाला, वायरमन, जनावरांचा डॉक्टर, मग 108, आरोग्य केंद्र, त्यांच्यामध्येच 181 आणि 112. 'हिंसा', 'अत्याचार' असे शब्द कुठेच नाहीत. पुरुषांनीच ते दाराच्या मागे चिकटवलं, कारण वायरमन त्यांनाही लागतो. फोनसाठी प्रत्येक वस्तीवर एक घर ठरवलंय, जिथे बाई "साखर संपली" म्हणून कधीही येऊ शकते. घर निवडताना भावकीबाहेरचं निवडा. आणि हा विषय आधी महिला ग्रामसभेत घ्या. तिथे ठराव झाला की मुख्य ग्रामसभेत तो बाजूला सारणं अवघड जातं.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कलम 4 ची गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती, पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी तीच सांगणार. कार्डाची कल्पना अंगणवाडीताईंनाही पटली. त्या ग्राम बाल संरक्षण समितीच्या सदस्य सचिव आहेत, त्यामुळे कोप्यांवरच्या मुलांचा विषय त्या समितीत घेतील, आणि टोळी आली की मुकादमाबरोबर प्रत्येक कोयत्याचा (ऊस तोडणाऱ्या जोडीचा) एक नंबर ग्रामसुरक्षा यंत्रणेत नोंदवायचा असं ठरतंय.

एक प्रश्न राहतोच. रात्री बाई पोराला घेऊन बाहेर पडली, तर सकाळी तालुक्याला जाईपर्यंत तिने थांबायचं कुठे? ज्या घरात थांबेल, त्या घरावर सासरची माणसं चालून येतात. 112 ची गाडी मळ्यापर्यंत यायला वेळ लागतो. हे कुठल्या गावाने सोडवलंय का? आशाताई, तुमच्या कार्डाचा फोटो इथे टाकता आला तर फार बरं होईल, छापखान्यात डिसेंबरमध्येच द्यावं लागेल.