चामड्याच्या शिवणीला दोरा कोणता? तातडीने मदत हवी आहे

उसवण
चामड्याची खांद्यावरची बॅग हाताने शिवतो आहे. दोरा निम्म्यात पिंजतो आणि मग तुटतो. आज तिसऱ्यांदा झालं. एकच शिवण तीनदा उसवली, आता भोकंही सैल पडायला लागली आहेत. रविवारी बहिणीला द्यायची आहे, तिला कबूल करून बसलोय. मजबूत दोरा कोणता तेवढं सांगा. एक नाव पुरे.

दणकट_पट्टा
रिट्झा 25, ज्याला सगळे टायगर म्हणतात. वेणी घातलेला सपाट पॉलिएस्टर, वरून मेण. 0.6, 0.8, 1.0 आणि 1.2 मिमीमध्ये मिळतो. तुम्ही 1.2 घ्या आणि मोकळे व्हा. मी कमरपट्टे शिवतो, आजवर एकही उसवून परत आलेला नाही. दोरा तुटतो म्हणजे तो बारीक पडतोय, दुसरं काय?

तिपदरी
उसवण, इतक्यात काही विकत घेऊ नका. आधी हे सांगा: चामडं किती जाड? भोकांमधलं अंतर किती? सुई एक की दोन? आता वापरताय तो दोरा कशाचा आणि किती मिमीचा? आणि तुटतो तो नेमका कुठे, सुईजवळ की शिवलेल्या टाक्यात?

उसवण
दोऱ्याचं विचारलं, तुम्ही बॅगेची चौकशी करताय. साधं चामडं आहे. दोरा मेणाचा आहे. सुया दोन, व्हिडिओत बघून करतोय तसंच.

तिपदरी
मेणाचा हा काही दोऱ्याचा प्रकार नाही. मेण कशावरही चढवतात: लिनन, पॉलिएस्टर, नायलॉन, अगदी साध्या सुतावरही. आतलं काय आहे ते कळल्याशिवाय मी काय सांगू? एक टोक कापून जाळून बघा. वितळून गोळी झाली तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. कागदासारखं जळून राख पडली तर लिनन किंवा सूत. मेण असतं म्हणून ज्योत सुरुवातीला जरा भडकेल, घाबरू नका.

अळशीचं_फूल
सिंथेटिकच्या नादाला लागूच नका. लिनन घ्या, म्हणजे जवसाच्या तंतूचा. चामडं आणि लिनन ही जोडी कित्येक शतकांची आहे, खोगिरं याच दोऱ्याने शिवली गेली. पॉलिएस्टरला एक प्लास्टिकची चकाकी असते, ती चामड्यावर डोळ्यात खुपते. लिननचा टाका चामड्यात बसतो, हातोडीने हलकेच ठोकला की पृष्ठभागाशी एक होतो, आणि बॅग जुनी होईल तसा दोराही तिच्यासोबत मुरतो. लँ काब्ले हा फ्रेंच लिनन दोरा बघा: 432 म्हणजे 0.63 मिमी, 532 म्हणजे 0.57, 632 म्हणजे 0.51. आकडा वाढेल तसा दोरा बारीक होतो, हे लक्षात ठेवा. नवखे हमखास इथेच फसतात आणि उलट माप मागवतात.

दणकट_पट्टा
लिनन कुजतं. दमट कपाटात महिनोन्महिने बॅग पडून राहिली की शिवण काळपट होते आणि नखाने ओढली तरी तुटते, मी दुरुस्तीला आलेल्या बॅगांवर पाहिलंय. पॉलिएस्टरला बुरशी खात नाही, उन्हातही तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो.

अळशीचं_फूल
ओलं झालं की लिनन कमजोर होत नाही, उलट ओलं लिनन कोरड्याहून बळकट असतं. कुजतं ते कायम ओलं राहिलं तर. तशा ओलीत चामडंही टिकत नाही, मग एकट्या दोऱ्याला दोष का? मधमाशीच्या मेणावर दोरा नीट तीनदा ओढून घेतला, तर पाणी सहजी आत शिरतच नाही. आणि तुमचा पॉलिएस्टर इतका कडक, की जोरात ओढला तर मऊ चामडंच कापतो. त्याचं काय?

दणकट_पट्टा
तो दोष ओढणाऱ्याच्या हाताचा.

शिलाईयंत्र
हाताने कशाला जीव काढताय? यंत्रावर बाँडेड नायलॉन टेक्स 70 घाला, सुई 110/18, चामडं कापत जाणाऱ्या टोकाची, टाका 4 मिमीवर ठेवा. बॅग तासाभरात हातात. टेक्स म्हणजे 1000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे इथे आकडा वाढला की दोरा जाड. लिननच्या अगदी उलट.

तिपदरी
त्यांनी हाताने शिवायचं विचारलंय हो. यंत्राचा टाका वेगळा असतो. त्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकून राहतात, एक तुटला की पुढची शिवण मोकळी व्हायला लागते. दोन सुयांच्या टाक्यात प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा गेलेला असतो. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. बॅगेच्या खांदपट्ट्याला हाच टाका हवा.

निळी_सुई
मध्येच विचारते, राग मानू नका. मी पांढरा दोरा वापरते आणि पाकीट पूर्ण होईपर्यंत तो राखाडी दिसायला लागतो. हात धुऊनच बसते. मग कशाने होतं?

उसवण
जाळून बघितलं. गोळी झाली, काळी आणि कडक. रिळावर 1 मिमी लिहिलंय. चामडं मोजलं, एक थर 1.5 मिमी, बाजूला दोन थर, खांदपट्टा जिथे जोडतो तिथे तीन. भोकं दातेरी छिन्नीने पाडली, दोन दातांमधलं अंतर 3 मिमी. तुटतो सुईपासून साधारण वीतभर अंतरावर. आता तरी सांगा कोणता दोरा.

तिपदरी
सापडलं. तुमचा दोरा बारीक नाही, भोकाच्या मानाने फार जाड आहे.

3 मिमीच्या छिन्नीचे दात अरुंद असतात. त्या भोकात 1 मिमीचा दोरा आधीच घट्ट बसतो, आणि त्याच भोकातून दुसऱ्या सुईचा दोरा उलट दिशेने जायचा असतो. सुईच्या नेढ्याशी तर दोरा दुमडलेला, म्हणजे तिथे जाडी दुप्पट. तुम्ही तो पक्कडीने खेचत असाल, खरं ना?

आता वीतभर अंतराचं बघा. शिवणीच्या पहिल्या टाक्यात दोऱ्याचा मधला भाग असतो, तो तिथेच राहतो, पुन्हा हलत नाही. पण सुईजवळचा तुकडा प्रत्येक भोकातून जातो. शंभर भोकं असली तर तो शंभर वेळा चामड्याच्या कडांना घासतो. आधी त्याच्यावरचं मेण जातं, मग वेणीचे तंतू वर येतात, कापसासारखे. पिंजलेला भाग आणखी फुगतो, पुढच्या भोकात आणखी अडतो, तुम्ही आणखी जोरात ओढता. 1.2 घेतला असता तर दहाव्या टाक्यालाच अडकला असता.

उसवण
पक्कडीनेच ओढतोय. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तसंच असतं.

दणकट_पट्टा
3 मिमीची भोकं असतील हे मला माहीत नव्हतं. माझे पट्टे 5 मिमीवर असतात, तिथे जाड दोरा छान बसतो. पण मग दोरा बदलायची गरज काय? आरी, म्हणजे मोच्याची टोचणी घ्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या टोकाची, आणि प्रत्येक भोक थोडं मोठं करा. रीळ वाया जाणार नाही.

तिपदरी
नको. 3 मिमी अंतरावरची भोकं मोठी केली की दोन भोकांमध्ये चामडं उरतं किती? टपाल तिकिटाच्या कडेसारखी रांग होईल आणि खांदपट्टा भरला की नेमका तिथेच फाटेल. दोरा शाबूत आणि चामडं फाटलेलं, त्याला दुरुस्ती नाही. उसवण यांची भोकं तीनदा शिवून आधीच सैल झाली आहेत.

दणकट_पट्टा
ते खरं. त्या अंतरावर आरी नको. मागे घेतो.

उसवण
म्हणजे 0.6? खांद्यावरची बॅग आहे हो, त्यात वह्या, पाण्याची बाटली असणार. इतका बारीक दोरा धरेल?

अळशीचं_फूल
धरेल. वजन एका टाक्यावर नसतं, शिवणीतल्या सगळ्या टाक्यांवर वाटलं जातं. 0.6 चा वेणीचा दोरा हाताला गुंडाळून तोडायचा प्रयत्न करू नका, बोट कापेल पण तो तुटणार नाही. माझा जीव लिननमध्ये आहे, तरी या बॅगेला 532 किंवा 0.6 चा पॉलिएस्टर यातलं काहीही चालेल. फक्त 1 मिमी सोडा.

तिपदरी
मान्य. बाजूच्या शिवणी 3 मिमीवर पाडून झाल्या आहेत, त्यांना 0.6. खांदपट्ट्याचा तुकडा नवा कापता आला तर कापा, त्याला 4 मिमी अंतर आणि 0.8 चा दोरा ठेवा. जोडाच्या जागी नुसती एक आडवी रांग नको, चौकोन शिवा, म्हणजे ताण चारही बाजूंना जाईल. कडी जिथे अडकते तिथे टाका धातूला घासणार नाही असा आत घ्या. बॅगेच्या शिवणी वजनाने क्वचित तुटतात, बऱ्याचदा अशा घासण्याने जातात.

अजून एक. दोरा एकदम किती लांब घेता?

उसवण
अख्ख्या बाजूला पुरेल इतका. शिवण मीटरभर आहे, म्हणून चार मीटर घेतो. मध्ये गाठ नको म्हणून.

तिपदरी
चौपट हे गणित बरोबर आहे, पण मीटरभर शिवण एका दोऱ्यात नको. अर्ध्या अर्ध्या भागात करा, दर वेळी दोन मीटर. सुईजवळचा तुकडा निम्म्या भोकांतून जाईल, निम्माच झिजेल. जोडायला गाठ लागत नाही. जुना दोरा शेवटी दोन टाके मागे आणा, नवा त्याच्या दोन भोकं अलीकडून सुरू करा, वरून कळतही नाही.

आणि दुसरी सुई घालताना पहिला दोरा भोकाच्या एका कडेला ओढून धरा. सुई त्याच्या पोटातून गेली तर वेणी फाटते, मग कितीही चांगला दोरा असला तरी तिथे तुटणार. शंका आली की पहिला दोरा थोडा मागेपुढे हलवून बघा. हलत नसेल तर सुई त्यातून गेली आहे, लगेच बाहेर काढा.

शिलाईयंत्र
सुईच्या मापाचं कोणी बोललं नाही. हाताच्या बोथट सुयांमध्येही आकडा वाढला की सुई बारीक. जाड सुई घेतली तर दोरा बारीक असूनही भोकात अडकेल.

तिपदरी
हे बरं आठवलंत. 0.6 ला जॉन जेम्स कंपनीची 4 नंबरची सुई चालते. टाळायचं ते एवढंच, की नेढं दोऱ्यापेक्षा फार मोठं नको. दोऱ्याचं टोक नखाने चपटं करून तिरपं कापा, म्हणजे दुमडलेल्या जागी जाडी वाढत नाही.

निळी_सुई
माझ्या पांढऱ्या दोऱ्याचं राहिलं.

अळशीचं_फूल
ताई, तुम्ही चामडं रंगवता का? कडांचा किंवा पाठीचा रंग पूर्ण सुकला नसेल, घासून पुसून घेतला नसेल, तर प्रत्येक भोकात थोडा रंग दोऱ्याला लागतो. आधी कोरड्या पांढऱ्या फडक्याने जोरात पुसा, फडक्यावर रंग उतरायचा थांबला की मगच शिवायला घ्या. आणि मेणाचा गोळा बघा. रंगीत दोऱ्याला वापरलेलाच गोळा पांढऱ्याला वापरत असाल तर तोच दोष.

निळी_सुई
गोळा एकच आहे, त्यावर तपकिरी रेघा दिसतायत. पांढऱ्यासाठी आजच वेगळा ठेवते. मनापासून आभार.

उसवण
एका टाकाऊ तुकड्यावर दोन समांतर ओळी पाडल्या, 10 सेंटीमीटरच्या, प्रत्येकी 33 भोकं. एकीत जुना 1 मिमी, दुसरीत 0.6, जो एका ओळखीच्याकडून मागून आणला. 1 मिमी विसाव्या भोकाशी पिंजायला लागला, पांढरे केस वर आले. 0.6 शेवटपर्यंत गुळगुळीत, आणि पक्कड हातात घ्यावीच लागली नाही, दोन बोटांनी सुई आली. टाकेही तिरके, एकसारखे दिसतायत. जाड दोऱ्यात ते सगळे आडवे लोळत होते, मला वाटायचं माझा हातच वाकडा.

एक बाजू रात्री पूर्ण केली. दोन्ही टोकं कशी संपवू?

दणकट_पट्टा
पॉलिएस्टर आहे ना, मग दोन टाके मागे घ्या, दोन्ही दोरे आतल्या बाजूला काढा, 2 मिमी ठेवून कापा. लायटरची निळी ज्योत बाजूने दाखवा, चामड्याला लागू देऊ नका, आणि मऊ असतानाच लायटरच्या धातूच्या कडेने दाबून टाका. टिकलीसारखं चपटं होतं, भोकातून मागे सरकत नाही.

अळशीचं_फूल
हे फक्त सिंथेटिकला. पुढे कधी लिनन घेतलंत तर ज्योत दाखवू नका, ते वितळत नाही, जळून जातं. तिथे तीन टाके मागे, शेवटच्या भोकात डिंकाचा थेंब आणि पृष्ठभागाला लागून कापायचं.

उसवण
दाबलं. हाताला लागतही नाही. खांदपट्ट्याचा नवा तुकडा कापलाय, 4 मिमीची छिन्नी उद्या हातात येईल. तीन थरांत ती सरळ जाईल का, की आधी आरीने वाट करावी लागेल?

तिपदरी
तिन्ही थर एकदम ठोकू नका, छिन्नी तिरकी जाते आणि मागची रांग नागमोडी येते. वरचे दोन चिकटवून पाडा, मग तिसरा चिकटवा आणि त्याच भोकांतून आरी सरळ धरून पार करा. इथे आरी योग्य आहे, फक्त भोक मोठं करायला नाही, वाट करून द्यायला. आधी टाकाऊ तुकड्यावर पाच भोकं करून बघा.