मदत हवी आहे: भर मे महिन्यात टँकचं निम्मं पाणी उपसायचं का?

नमस्कार. आमची सोसायटी नागपुरात बेसा भागात आहे. मुलांसाठी उघड्यावरचा स्विमिंग टँक आहे, १२ बाय ६ मीटर, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ९० हजार लिटर पाणी. भरतो बोअरच्या पाण्याने. देखभाल यंदा माझ्याकडे आहे.

पारा ४४-४५ वर गेल्यापासून पाणी दुपारनंतर गढूळ होतं, कोपरे हिरवट, भिंती बुळबुळीत. टाइल्सवर पांढरा थर चढतोय. मुलांचे डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा उग्र वास येतो. पुरवठादार म्हणतो टॅब्लेट वाढवा. पालक म्हणतात, एवढा वास येतोय तर क्लोरीन जास्त झालंय, टॅब्लेट बंद करा. पिवळ्या थेंबांच्या किटवर आकडा २.५ येतो, तो तर बरोबर वाटतो.

म्हणून गुलाबी रंगाचं डीपीडी किट आणलं. त्यावर फ्री (मोकळा, जंतू मारणारा) क्लोरीन १, टोटल (एकूण) २.५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. पीएच ८.२, अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवणारे क्षार) २४०, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) ४८०. सायन्युरिक ॲसिडची (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) चाचणी १०० पर्यंतच मोजते आणि आमचं त्याच्या वर जात होतं. तेवढंच नळाचं पाणी मिसळून मोजलं तर ७०, म्हणजे १४०.

एका ओळखीच्या माणसाने सरळ टँक रिकामा करायला सांगितलं. इकडे बोअरची पातळी खाली गेली आहे, बाजूच्या सोसायट्यांत टँकर येताहेत. पाणी वाचवून मार्ग निघतो का? की या आकड्यांना दुसरा उपायच नाही? मुलांची सुट्टी चालू आहे, टँक बंद ठेवायचं मनाला पटत नाही, पण त्यांच्या डोळ्यांशी खेळही नको.

प्रतिसाद

ताई, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. पिवळं किट टोटल क्लोरीन दाखवतं. त्यातला १.५ घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी बांधला गेलेला आहे. उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर त्याचीच. ताजा क्लोरीन पुरेसा असलेल्या टँकला फारसा वास येत नाही. म्हणजे पालकांचं निदान उलटं आहे.

पुरवठादाराचं अर्धं बरोबर आहे: क्लोरीन कमीच पडतोय. पण टॅब्लेट वाढवणं हा उपाय नाही, कारण टॅब्लेट हीच अडचण आहे. त्या टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक एकत्र असलेल्या रसायनाच्या असतात. त्यातून १० पीपीएम क्लोरीन मिळाला की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं. क्लोरीन उन्हात खर्च होतो, सायन्युरिक तसंच राहतं. थोडं हवंच, नाहीतर आपल्या उन्हात निम्म्याहून जास्त क्लोरीन तासाभरात उडेल. ३० ते ५० पुरे. १४० वर मात्र ते क्लोरीनला धरून ठेवतं, शेवाळ मारायला सोडत नाही. ढोबळ हिशेबाने सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी फ्री क्लोरीन लागतो. म्हणजे तुम्हाला १० हवा आणि आहे १! मुलांच्या टँकमध्ये १० ठेवा असं मी सांगणार नाही.

सायन्युरिक काढायला व्यवहारात एकच मार्ग, पाणी बदलणं. निम्मं बदललं तर ७०. पूर्ण रिकामा करायची गरज नाही. टप्प्याटप्प्याने उपसा आणि ते पाणी गटारात सोडू नका: क्लोरीन शून्य झाल्यावर झाडांना आणि पार्किंग धुवायला वापरा. पुढची उतरण पावसावर ठेवा. ७२ चौरस मीटरवर १०० मिमी पाऊस पडला तर ७ हजार लिटर सायन्युरिक नसलेलं पाणी फुकट मिळतं.

टॅब्लेट आजपासून बंद. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरा. दहा टक्क्यांचा असेल तर १ पीपीएमला साधारण ९०० मिली. ब्लीचिंग पावडर नको, तिच्यातून कॅल्शियम जातं आणि हार्डनेस आधीच चढलेला आहे. पीएच ७.४ च्या आसपास आणा, अल्कलिनिटीही उतरवा; दोन्हीला ॲसिडच लागतं. अल्कलिनिटी १० ने उतरवायला तुमच्या टँकला ३० टक्क्यांचं सुमारे २ लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागेल. एका दिवशी थोडंच, पंप चालू ठेवून, आधी बादलीभर पाण्यात पातळ करून (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही). ॲसिड आणि क्लोरीन एकत्र कधीही नको, विषारी वायू होतो. टॅब्लेट आणि हायपोही एका बादलीत नको.

धागाकर्ती

खूप आभार! निम्म्या पाण्याचा उपसा दोन टप्प्यांत करू. बोअरचा हार्डनेसही मोजला, ५२० आला. मग भरायला तेच वापरलं तर पांढरा थर वाढेल ना?

प्रतिसाद

हो, वाढेल. जमेल तेवढं नळाचं पाणी वापरा, नसेल तर पीएच ७.८ च्या वर जाऊ देऊ नका, थर बसायला वर चढलेला पीएच मोठं कारण असतं. हायपोचा डबा सावलीत ठेवा आणि आठवड्याला पुरेल एवढाच आणा, नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) त्याचा जोर पटकन उतरतो. उपसा झाल्यावर फ्री, टोटल आणि सायन्युरिकचे आकडे इथे टाका, शॉक डोस (एकदम द्यायचा मोठा क्लोरीन डोस) त्यावरून ठरवू. तोपर्यंत मुलांना टँकमध्ये उतरू देऊ नका.