आतड्याला सूज, दाह की शोथ?

पंचगंगाकाठ: कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांसाठी अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दुखण्याची माहितीपत्रिका मराठीत करतेय. अडलंय एका वाक्यावर, इंग्रजी 'इन्फ्लमेशन'ला काय म्हणायचं: 'पेशींनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे मोठ्या आतड्याच्या अस्तरात दाह सुरू होतो.' डॉक्टर म्हणतात, 'दाह' वाचून पेशंट ॲसिडिटीची गोळी घेईल. 'सूज' लिहिलं, तर तो पोट फुगलंय का ते चाचपणार. काय लिहू?

शब्दवेल्हाळ: शोथ. आयुर्वेदातला रुळलेला शब्द आहे. लाली, सूज, उष्णता, वेदना ही चारही लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच एकत्र सांगितली. 'दाह'मध्ये त्यातली नुसती उष्णता येते.

मोडीवाचक: शोथ तरी कुठे वेगळा? मूळ धातू 'श्वि', म्हणजे फुगणं. फिरून सूजच! आणि इंग्रजी शब्दाच्या पोटातही लॅटिनमधली ज्वाळाच आहे, मग दाहानेच काय घोडं मारलंय?

कसबा बावडा: शोथ गावात कुणाला कळणार? आमची आज्जी 'आतड्याला सूज आल्या' म्हणायची, सगळ्यांना समजायचं. तिखट बाधलं की 'आग पडल्या'. दोन्ही दुखणी वेगळी, शब्दही वेगळे. पुस्तकी शब्द कशाला लादायचा?

लॅबवाली: ताई, आत काय घडतं ते बघून ठरवा. अस्तरातल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही संदेश देणारी रसायनं सोडतात. त्यामुळे केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, पाणी झिरपतं. इंटरल्यूकिन-८ तर रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना आवतणच देतं. या पेशी अस्तरातल्या बारीक ग्रंथींत शिरतात, तिथे पू साठतो, व्रण पडतात, रक्त जातं. शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढतं ते या न्यूट्रोफिलमधलंच. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध टीएनएफला धरून ठेवतं, म्हणून काहींना उतार पडतो. सूज हा यातला एक परिणाम. मला 'दाह' पटतो, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या.

शब्दवेल्हाळ: 'आवतण' नको. ते जेवणाचं, लग्नाचं. दुखण्याला मंगल शब्द जोडू नये.

कसबा बावडा: आवतण म्हणजे बोलावणं. 'दुखण्याला आवतण' आमच्याकडं रोज म्हणतात.

मोडीवाचक: आवतण 'आमंत्रण'चंच झिजलेलं रूप. पण इथे 'सांगावा' बसेल. 'संदेश' म्हटलं की हल्ली मोबाईलच आठवतो.

लॅबवाली: सांगावा एकाने एकालाच धाडायचा. टीएनएफ आसपासच्या कितीतरी पेशींना एकदम लागू पडतं. दवंडी म्हणा.

शब्दवेल्हाळ: दवंडी सरकारी. पेशींमध्ये वर सरकार कोण?

पंचगंगाकाठ: अहो, दाह की सूज, तेवढं सांगा. पत्रिका छपाईला जायचीय.

कसबा बावडा: सूज. आणि सांगावा धाडतात तसा 'देतात'पण की, आमच्याकडं दोन्ही चालतं.