मदत हवी आहे: बीमलाइनचं छोटं टिपण लिहायचंय, आकडे कोणते द्यायचे?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, इथेच पीएचडी करते. माझी मोजमापं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ वर होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल रिंगमध्ये फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्रावर. रिंगमधले क्ष-किरण नमुन्यापर्यंत आणून जिथे मोजमाप होतं, ती बीमलाइन. त्यातल्या बीएल-०९ या एक्साफ्स बीमलाइनचं (नमुना क्ष-किरण किती शोषतो, त्यावरून अणूभोवतीची रचना शोधायची पद्धत) तीन-चार पानी टिपण लिहायला सरांनी सांगितलंय. नव्या मुलांना बीमटाइमचा, म्हणजे तिथे मोजायला मिळणाऱ्या वेळेचा, अर्ज भरण्याआधी ते वाचता यावं, एवढाच हेतू.

पहिल्या खर्ड्यात माझं दीड पान रिंगमध्येच गेलं. इलेक्ट्रॉनला टप्प्याटप्प्याने ऊर्जा कशी मिळते तेच: २० एमईव्हीचा मायक्रोट्रॉन, बूस्टरमध्ये ५५० एमईव्ही, मग १७२.४७ मीटर घेराच्या रिंगमध्ये २.५ जीईव्ही. सरांनी वाचून एवढंच विचारलं, "नमुना घेऊन येणाऱ्या पोराला यातलं काय लागणार?" पटलं मला. त्याला त्याचं मूलद्रव्य बीमलाइनच्या क्ष-किरणांच्या ऊर्जेत, ४ ते २५ केईव्हीच्या टप्प्यात बसतं का, ते आधी कळायला हवं. नमुन्यात ते भरपूर असेल तर आरपार मोजता येतं, अगदी थोडं असेल तर फ्लुरोसन्सने, म्हणजे नमुन्याने उलट सोडलेल्या क्ष-किरणांवरून. हे आता पहिल्या परिच्छेदात घेतलंय. हवी ती एकच ऊर्जा निवडणारा सिलिकॉन १११ चा दुहेरी मोनोक्रोमेटर, त्यातला दुसरा स्फटिक वाकवून किरण आडवा एकवटणं, किरणांची तीव्रता मोजणारे तीन आयन चेंबर, हे त्यानंतर.

अडलंय ते आकड्यांपाशी. फ्लक्स (नमुन्यावर दर सेकंदाला किती फोटॉन पडतात) आणि रिझोल्युशन (किती जवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखता येतात) डिझाइनमधलं द्यायचं की आम्ही मोजलेलं? डिझाइनचा आकडा देखणा असतो, पण त्यावर विसंबून कोणी पातळ द्रावण घेऊन आला आणि सिग्नलच मिळाला नाही, तर त्याची सगळी पाळी वाया जाईल. बीमटाइम किती मुश्किलीने मिळतो, ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

प्रतिसाद, बडोद्याहून:
ताई, दोन्ही द्या, पण शेजारी शेजारी रकान्यांत. मोजलेल्या फ्लक्ससोबत ऊर्जा, रिंगमधला करंट आणि स्लिट (किरणाच्या वाटेतली फट) किती उघडी होती, हे तिन्ही हवंच. त्यावाचून तो आकडा कोणालाही ताडून पाहता येत नाही. रिझोल्युशनसाठी तांब्याच्या फॉइलचा आलेख छापा. ८९७९ ईव्हीला तांब्याचं शोषण एकदम वाढतं, त्या कडेवर आलेख चढताना मध्येच एक छोटा खांदा येतो. तो किती स्पष्ट सुटलाय, यावरून जाणकाराला लगेच अंदाज येतो. रिंगचा इतिहास दोन ओळींत आटपा. जर्नल ऑफ सिंक्रोट्रॉन रेडिएशनमध्ये बीमलाइनवरचे लेख वेगळ्या विभागात येतात, त्यातले दोन-तीन चाळा. आणि तिथे काय जमत नाही, तेही लिहा. तेच कोणी लिहीत नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. आत्ताच वही काढून पाहिली. तांब्याचा आलेख आहे, प्रत्येक स्कॅनपुढे करंटही टिपलाय, पण स्लिट कुठेच लिहिलेली नाही. तेव्हा फ्लक्सचा मोजलेला रकाना तूर्त रिकामा ठेवते, पुढच्या पाळीत मोजूनच भरेन.